पाण्यावरचा गुलाल

"आबाजी, पाण्यात गुलाल सांडला का जी?" चैतालीने ओरडून विचारलं. तलावाच्या काठाशी ताटाएवढा लाल डाग हलत होता.

आजोबा बांधावर गांडुळं उकरत होते. ते उठेपर्यंत तिने डागातच गळ टाकला. पोळ्याची सुटी आज संपत होती आणि चार दिवसांत तिला एकही मासा मिळाला नव्हता. "तुह्या गळाले शेवाळच लागन," असं थोरला भाऊ रोज चिडवत होता.

काठी एकदम वाकली. पाय रोवून तिने मासा ओढून काढला. मरळ होती, तिच्या हाताएवढी लांब. चैताली नाचायलाच लागली.

आजोबांनी मरळ ओल्या गोणपाटात धरली. "हे भुकेनं नाही धावली, पोरी. तो गुलाल जवळून पाहा."

ती गुडघ्यांवर वाकली. लाल डाग म्हणजे शेकडो पिल्लं होती, भाताच्या दाण्याएवढी. आईशिवाय ती जागच्या जागी गोल फिरत होती आणि खालून दुसरे मासे त्यांना टिपू लागले होते.

"घरी न्याची का?" आजोबांनी विचारलं. "मासा तुहा आहे."

चैतालीने मरळीच्या तोंडातला गळ सोडवला आणि गोणपाट पाण्यात उघडलं. मरळ सरळ पिल्लांखाली गेली.

अंगणात भाऊ वाटच पाहत होता. "काय लागलं वं गळाले?"

"शेवाळ," चैताली म्हणाली.

"चांगलं दोन किलोचं होतं," आजोबा हात धुता धुता म्हणाले.