स्क्रूवरचं नेलपॉलिश

"अभ्रकाचा ट्रिमर कुठं लपवला?" लीलाबाईनं बालाघाटच्या मेकॅनिकला दरडावलं. स्टेशन जुळवणाऱ्या त्या चिमुकल्या पुर्ज्यावरचा नंबर तिनं स्वतः वाचला होता. तो नंबर प्लास्टिकच्या ट्रिमरचा होता.

"काकू, रेडिओ आता तुमच्यासमोरच उघडला. स्क्रूवरचं सीलचं नेलपॉलिशबी जसंच्या तसं होतं, म्हंजे मधात कोनं उघडला नाई."

"माह्या बापानं लग्नात देल्ला रेडिओ हाय हा. तुमी मेकॅनिक लोकं महागाचं अभ्रक काढून सस्तं प्लास्टिक लावता, मले मालूम हाय."

"कोनं सांगितलं?"

"आमच्या मालकानं. जिवंत होते तवा किरनापुरात त्यायचं रेडिओ दुरुस्तीचंच दुकान होतं. नंबर वाचालेबी त्यायनंच शिकवलं."

"अन् हे नेलपॉलिश कोनं लावलं होतं?"

लीलाबाई पुन्हा त्या नंबराकडे बघत राहिली.

"करून दे बंद, भाऊ," ती हळूच म्हणाली. "अन् स्क्रूले नेलपॉलिश लाव."