गाळलेला दिनविशेष

लेकीच्या, रुचिकाच्या वाढदिवसाला भूपेंद्र दरसाल सकाळीच घरच्या ग्रुपवर दिनविशेष टाकायचा. त्या तारखेला कोण थोर माणूस जन्मला, कुठलं युद्ध संपलं, जग कसला दिवस पाळतं, सगळं हौसेनं लिहायचा. एकच घटना गाळायचा. रुचिका जन्मली त्या दिवशी तो वर्ध्याच्या दवाखान्यात जिलेबी वाटत होता, आणि तिकडे वडनेरला त्याची आई एकटीच गेली.

पोरीच्या मनाला लागेल म्हणून तो कधी बोलला नाही. आईचं श्राद्ध तिथीनं, पोरीचा वाढदिवस तारखेनं, त्यामुळे झाकली मूठ झाकलीच राहिली. पण एकोणीस वर्षांनी तिथी फिरून नेमकी त्याच तारखेवर आली.

"बेटा, केक उद्या कापू," कावळ्यासाठी वाढलेलं पान हातात घेऊन तो चाचरत म्हणाला. "आज तुह्या आजीचं..."

"माहीत हाय बाबा. आत्यानं कधीचंच सांगतलं मले. माह्याच पायी तुम्ही तिच्याजवळ नव्हते." रुचिकानं त्याच्या हातातलं पान घेतलं.

"दरवर्षी केकचा पहिला तुकडा मी गच्चीवर कावळ्याले ठेवून येते, तुम्हाले न सांगता."