एकाच मापाचा स्वयंपाक

“बाबा, अंदाजाने सांगू नका हं. तेल नेमकं किती?”

मास्तरांनी फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबला आणि तेलाची बाटली उचलली. प्रश्न सोपा होता, पण त्याचं उत्तर मास्तरांच्या तोंडात नव्हतं, हातात होतं. शिंपीकामात ते दोऱ्याचाही हिशेब ठेवत. स्वयंपाक मात्र सगळा नजरेवर. तेल पातेल्यात पडल्यावरच त्यांना ते किती घातलं ते कळायचं.

“अर्धी पळी. जरा कमीच धर.”

“आता कांदा. तुम्ही टाका आणि सांगा, मग मी टाकते.”

मास्तरांनी कांदा टाकला. तो इकडे झकास चरचरला. तिकडून मात्र पोरींचा कलकलाट तेवढा ऐकू आला. वसतिगृहातल्या या गोंगाटात चिमीला अभ्यास तरी कसा सुचत असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

चिमी ही त्यांची एकुलती एक लेक. बायको गेली तेव्हा पोर लहान होती. तिच्यासाठीच मास्तर स्वयंपाक शिकले आणि तिला मात्र त्यांनी चुलीकडे फिरकू दिलं नाही. “तू पुस्तकं सांभाळ, पातेली मी सांभाळतो,” असा घरचा कायदा होता. पुस्तकं सांभाळता सांभाळता पोरगी थेट विद्यापीठात पोहोचली, तीही परगावी. तिला सोडून आल्यावर मास्तरांना घर खायला उठायचं.

सुरुवातीला ती रोज फोनवर विचारायची, “बाबा, जेवलात?”

“हो तर! पोटभर,” मास्तर ठोकून द्यायचे. खरं म्हणजे कापड बेतायच्या टेबलाशी उभ्याउभ्याच चहात पाव बुडवून त्यांचं भागायचं. एकट्यासाठी कोण पातेली घासत बसणार? आणि फोनवरून लेकीला काय दिसतंय!

मग एके दिवशी चिमीने रडवेल्या आवाजात सांगितलं, की मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, तिने शेगडी आणलीय आणि आता बाबांनीच तिला स्वयंपाक शिकवावा. मास्तरांचा जीव खालीवर झाला. पोर उपाशी राहते म्हणजे काय! दुसऱ्याच दिवशी त्यांनी सकाळी बाजार गाठला आणि संध्याकाळी मशीनवर कापड झाकून ओटा गाठला. तेव्हापासून रोज हीच शाळा भरत होती.

चिमी विद्यार्थिनी म्हणून मोठी चिवट. भात उतरला की म्हणायची, “आता वाढून घ्या आणि चव सांगा. मीठ बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

“एका घासात काय कळतंय? नीट बसून जेवा आणि मग सांगा.”

मास्तरांना यात वावगं काहीच वाटलं नाही. एका मापावर बेतलेले दोन सदरे सारखेच बसणार. मग एका मापाने केलेल्या दोन भाज्यांची चव वेगळी कशी होईल? आपलं ताट साफ झालं, की लेकीचंही चांगलं उतरलं, असा त्यांचा चोख हिशेब होता. म्हणून ते शेवटच्या घासापर्यंत मन लावून जेवायचे आणि मग निकाल सांगायचे.

वाण्याची बायको ब्लाउज शिवायला टाकायला आली, तेव्हा त्यांना न्याहाळून हसली. “मास्तर, लेक गेली म्हणून तुम्ही खंगाल असं वाटलं होतं. तुम्ही तर बाळसं धरलंत!”

“लेकीला शिकवावं लागतं ना, वहिनी,” मास्तर लाजून म्हणाले. खुद्द स्वतःच्या विजारीची कंबर त्यांना नुकतीच उसवून वाढवावी लागली होती.

पण परीक्षा तोंडावर आली तशी त्यांची झोप उडाली. दिवसभर वर्ग, संध्याकाळी चूल, मग पोर अभ्यास करणार कधी? आपल्या कांदाबटाट्यापायी लेकीचं वर्ष वाया गेलं, तर तिच्या आईला काय तोंड दाखवायचं? दोन रात्री त्यांनी कूस बदलत काढल्या. शेवटी त्यांनी एक छोटासा कुकर घेतला. शिट्टी होईपर्यंत चार पानं तरी वाचून होतील. आधी न कळवताच त्यांनी बस पकडली.

वसतिगृहाच्या दारात रेक्टरबाई बसल्या होत्या. मास्तरांनी लेकीचं नाव आणि खोली सांगितली. बाईंची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या कुकरच्या दांड्यावर गेली.

“हा आत जायचा नाही. खोलीत स्वयंपाकाला सक्त मनाई आहे.”

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. लेकीला मदत करायला म्हणून आले आणि आपल्याच हाताने तिला पकडून दिलं!

“बाई, तिला काढू नका,” त्यांनी हातच जोडले. “चूक माझी आहे. मीच रोज फोनवर शिकवतो तिला. शेगडी आत्ता घेऊन जातो, पण परीक्षेला बसू द्या.”

“शेगडी? कसली शेगडी?” बाई बुचकळ्यात पडल्या. “अहो, खोल्या मी स्वतः तपासते. आणि तुमची लेक तर मेस उघडल्या उघडल्या ताट घेऊन हजर असते. भाजी दुसऱ्यांदा मागून घेते.”

“मग संध्याकाळी ती फोनवर...”

“हो, जेवण झालं की त्या जिन्यात बसते ना फोन घेऊन. परवा मी हटकलंसुद्धा, की परीक्षा जवळ आली, आता पुरे कर. तर फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, ‘बाई, थोडंसंच थांबा, बाबांचे शेवटचे दोन घास राहिलेत.’”