नागोबाचा आहेर

डॉक्टरीणबाईंनी सुई उचलताच सासूनं शेवंताचा दंड पदराखाली झाकला.

"आज नागपंचमी! भाजीसुद्धा चिरत नाही आम्ही, आणि तुम्ही माझ्या सुनेला टोचणार?"

"आजी, औषध नागाच्याच विषाचं आहे, कणभर. पण प्रयोग नवा. फेफरं थांबेलच, असं वचन नाही देत."

सासूच्या कडेवरची तान्ही चुळबुळली. झटक्याचा नेम नाही, म्हणून लेक शेवंताच्या मांडीवर कधी एकटी विसावलीच नव्हती. पाजतानाही सासूचे हात खालून धरलेले असत.

सख्खा भाऊ नसलेल्या शेवंतानं नागोबालाच भाऊ मानून काल त्याच्यासाठी उपास धरला होता. आज पहाटे हळदीच्या नागापुढं लाह्या ठेवून तिनं गाण्यातून विचारलंही होतं, 'यंदा काय आणशील, दादा?'

ती हसली. "आत्याबाई, टोचतंय कुठं कोण? भावानं आहेर धाडलाय. लागू पडो न पडो, सणासुदीला माहेरचा आहेर परत पाठवायचा का?"

मग सासूनंच दंडावरचा पदर बाजूला सारला.

"आहेर घेताना मांडी रिकामी नसावी, पोरी," म्हणत तिनं नात शेवंताच्या मांडीवर ठेवली, आणि भीत भीत आपले हात मागं घेतले.