समोरच्यांचा डबा

समोरच्या मास्तरीणबाईंच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण सासूबाईंनी एका हाताने उचललं, आणि शालीखालची पुडी आत सोडणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"आई, काय करताय?"

सून रस्ता ओलांडून आली होती. हाताला अजून माती, म्हणजे अंगणातल्या खताच्या ड्रमापासून तशीच उठून आलेली.

"दिसत नाही? फिरायला आलेय."

"दुसऱ्याच्या डब्यापाशी?"

"मग तुझ्या घरात डबा ठेवलायस कुठे!"

हे मात्र खरं होतं. वर्ष सुरू झाल्यापासून त्या घरातून कचऱ्याचा डबा हद्दपार झाला होता. सालं-देठं खताच्या ड्रमात, कागद रद्दीत, आणि जे कशातच बसत नाही ते ओट्यावरच्या काचेच्या बरणीत. महिन्याला एक बरणी, त्याच्या वर कचरा करायचा नाही, असं सुनेने ठरवलं होतं आणि ठरवून गप्प बसली नव्हती, अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. आल्यागेल्याला ती बरणी अशी दाखवायची, जशा बाकीच्या बाया पोरांची बक्षिसं दाखवतात. "आमच्याकडे कचऱ्याचं लोणचं घालतात," सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या.

"पुडीत काय आहे, आई? बिस्किटांचे कागद? खाल्लीत तर खाल्लीत, मी का ओरडणार आहे? पण बरणीत टाकायचं ठरलंय ना आपलं?"

बरणीत! ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत! सासूबाईंनी मूठ आवळली. सुनेने हात घातला. पुडी सुटली नाही, वरचा कागद तेवढा फाटला.

आत डायपर होतं. मोठ्या माणसाचं.

सुनेचा हात जागच्या जागी राहिला.

"खोकला आला की राहत नाही," सासूबाई म्हणाल्या. सुनेकडे न बघता, डब्याच्या झाकणाला सांगावं तसं.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तुझ्या त्या बरणीत माझं..." वाक्य तिथेच राहिलं. सासूबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य सुनेने नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्याच पुढे म्हणाल्या, "आधी जुन्या चादरीच्या घड्या करून बघितल्या. तुझंच बघून. धुवायचं, पुन्हा वापरायचं. पण वाळत कुठे घालू? दोरीवर घातल्या असत्या तर गल्लीने वाचलं असतं."

समोरचं फाटक करकरलं. मास्तरीणबाई बाहेर आल्या. चष्मा नाकावर, कमरेवर हात.

"सापडला का चोर! महिना झाला, रोज सकाळी माझ्या डब्यात पुड्या. आमच्या घरात माणसं दोन, आणि डबा भरतोय सहा जणांचा. कोण टाकतंय, कळू दे तरी!"

एरवी सासूबाईंच्या जिभेवर चार उत्तरं तयार असायची, पाचवं राखीव. आज त्यांनी नुसती शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

सुनेने पुडी त्यांच्या हातातून घेतली. या वेळी ती सुटली. फाटलेली बाजू तिने पोटाशी धरली.

"मी टाकते," ती म्हणाली.

"तू?"

"हो. बरणीत मावत नाही सगळं. आई मला रागवायलाच आल्या होत्या."

मास्तरीणबाई अशा हसायला लागल्या की फाटकाला धरावं लागलं. "अगं बये! एका प्लॅस्टिकच्या चमच्यावरून माझा तास घेतलास तू, मी जन्मभर तास घेतले तरी! आणि स्वतःचा कचरा माझ्या डब्यात? थांब, सगळ्यांना सांगते आता."

"सांगा," सून म्हणाली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, पण आवाज हलला नाही. "तुमच्या डब्याला पुन्हा त्रास होणार नाही. आजच एक घेऊन येते."

सासूबाईंनी तोंड उघडलं. सुनेने त्यांचं मनगट हलकेच दाबलं आणि धरूनच त्यांना रस्त्यापलीकडे आणलं. पाठीमागे मास्तरीणबाई शेजारणीला हाका मारत होत्या.

घराच्या पायरीशी सासूबाई थांबल्या. धाप लागली होती, तरी बोलायचं बाकी होतं.

"तोंडावर खोटं बोललीस. जराही अडखळली नाहीस."

"नऊ वर्षं तुमच्या हाताखाली आहे."

"हसतील आता सगळे तुला."

"दोन दिवस हसतील."

"मास्तरीण आहे ती. पुढच्या वर्षीही हसेल."

सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. अंगणातली एक पिवळी पडलेली काडी त्यांनी उगाचच उचलली, मोडली, पुन्हा मोडली.

"डॉक्टरकडे जाऊ आपण," सून म्हणाली. "याच्यावर उपाय असतात, आई. पुष्कळ बायकांना होतं हे."

"त्या पोरसवदा डॉक्टरसमोर? मेले तरी नाही."

"बाई डॉक्टर शोधते."

सासूबाईंनी काडीचे तुकडे पायरीवर एकाशेजारी एक मांडले. दूधवाल्यापासून मुलाच्या साहेबापर्यंत या बाईने आजवर कुणालाच ऐकवायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"येईन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तू आत यायचंस. आणि सांगायचंसही तूच. मला नाही बोलता यायचं."