पिवळा दिवा

"आज हा दिवा नाही बुझला तर गाडी विकून टाकू, बाबा," कमलेशनं बजावलं. जुन्या पिकअपवर जीव असलेल्या तेजरामांनी सकाळभर गाडीखाली पडून सायलेन्सरचा गंजलेला ऑक्सिजन सेन्सर काढला आणि नवा बसवला. चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटलाच नाही.

"जमलं की, बाबा! नाही विकत!"

तेजराम मात्र चपापले. प्लांटमध्ये तीस वर्षं मीटर दुरुस्त केलेल्या माणसाला ठाऊक होतं की चावी फिरवल्यावर दिवा क्षणभर तरी पेटायलाच हवा. त्यांनी दिव्यावरून बोट फिरवलं. काहीतरी गोल चिकटवलेलं होतं.

"पाहून काय राहिले? चला, सिविक सेंटरच्या बाजारले चक्कर मारू," दारातून कमलेशची आई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

त्यांच्या कपाळावरची नेहमीची काळी टिकली आज जागेवर नव्हती.