पाटीच्या अलीकडे

जॉइस नाकागावाने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा मार्लिसने डोळे मिटून घेतले.

"ड्वेन, तू झोपतोस कुठे ते ओरेगॉन विचारत नाही. पाना कुठे फिरवतोस ते विचारतं."

मार्लिसचा नवरा ड्वेन ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी तिथलं घर विकून नदीपलीकडे, वॉशिंग्टन राज्यात घेतलं, कारण तिकडे पगारावर कर नाही. ही अक्कल मार्लिसच्या धाकट्या दिराची, लाईलची. तिला हलायचं नव्हतं. सत्तावीस वर्षं वाढवलेली बाग मागे राहणार होती. मग ड्वेनने शब्द दिला: ओरेगॉनने पगारातून कापलेला कर वर्षअखेर सगळा परत येईल, त्यातून तुला काचघर बांधून देतो. मागच्या अंगणात काचघराचा काँक्रीटचा चौथरा ऑगस्टमध्येच ओतून झाला होता.

जॉइस त्यांचे कराचे कागद अकरा वर्षं भरत होती. वॉशिंग्टनमध्ये बसून काम केलेले दिवस किती, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्याच दिवसांचा कर परत मिळणार होता. लिफ्ट काही घरी आणता येत नाही, असं ड्वेन कुरकुरला. मग त्याला बर्फाचा तो दिवस आठवला. रस्ते बंद होते आणि तो दिवसभर स्वयंपाकघरातून फोनवर सुटे भाग मागवत होता.

जॉइसने रकान्यात एक लिहिला. लाईल स्वतः कुठे कामाला आहे, असंही तिने सहज विचारलं.

"तो निवृत्त आहे," मार्लिस म्हणाली.

पोर्टलंडहून घरी परतताना नदीवरच्या पुलावर गाड्या थांबल्या. खालून मालाचं गलबत जायचं होतं. पुलाचा मधला भाग सावकाश वर चढू लागला. नेहमीप्रमाणे ड्वेनने इंजिन बंद केलं. मार्लिसने मांडीवरच्या कागदांकडे बघत मनाशी गणित मांडलं. एका दिवसाच्या करात काचघराचं एक तावदान आलं असतं, फार तर.

ड्वेनचा फोन वाजला. एका हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि तिथे गेलेल्या नव्या माणसाला काही सुचत नव्हतं. ड्वेनने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, तरी तो दहा मिनिटं त्याला एकेक गोष्ट तपासायला सांगत राहिला. शेवटी लिफ्ट हलली. फोन ठेवताना सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"लिहून ठेव," तो म्हणाला. "पुढच्या वर्षासाठी. दहा मिनिटं, वॉशिंग्टन."

मार्लिसने मान वर केली. वर चढलेल्या पुलाखालून, पलीकडच्या टोकाला, वॉशिंग्टनची स्वागताची पाटी उन्हात चमकत होती.

"पाटी पुढे आहे," ती म्हणाली. "आपण अजून ओरेगॉनमध्येच आहोत."